अकरा फोटो, दहा पायऱ्या

मित्रांनो, मी दूध डेअरीच्या भिंतीवर लावलेला एक जुना फ्लेक्स आहे. सहा फूट लांब, चार फूट उंच. माझ्यावर अकरा माणसांचे फोटो आहेत. त्या फोटोंना जागा देऊन जी जागा उरली, तिच्यात कॉम्प्युटरमध्ये डेअरीचा प्रोग्राम कसा बसवायचा याच्या दहा पायऱ्या छापल्या आहेत. खऱ्या पायऱ्या बारा होत्या. त्यातल्या दोन कुठं गेल्या आणि त्यांच्यापायी एका बाईचं काय झालं, ते सांगायला मी तोंड उघडलंय. गोष्ट गोड नाही. गोड करून सांगायला मला येतही नाही.

बारामतीहून इंदापूरकडं निघालात की डाव्या हाताला एक फाटा लागतो. आत दोन मैलांवर आमचं गाव. नाव सांगणार नाही. सांगितलं तर गाव म्हणेल, आमचीच बदनामी का, बाकीची गावं काय दुधानं धुतलेली आहेत? तसं ते म्हणणं खरंही आहे. म्हणून नाव राहू द्या.

गावात सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायला ऐंशी-नव्वद माणसं येतात. प्रत्येकाच्या किटलीतलं कपभर दूध एका यंत्राच्या नळीला लावतात. यंत्र अर्धा मिनिट घुंई करतं आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर आकडे उमटतात. फॅट किती, डिग्री किती, दुधात पाणी आहे का. आमच्या संस्थेची अशी आठ केंद्रं, आणि आठही केंद्रांना मिळून एकच प्रोग्राम. तो एका पेन ड्राइव्हमधून फिरतो. एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर, मोटारसायकलवर, कुणाच्या तरी खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी.

खेड्यातली वीज तुम्हाला माहीत आहे. दाब वरखाली झाला की कॉम्प्युटर मान टाकायचा. मग प्रोग्राम नव्यानं बसवायचा. त्यासाठी बारामतीच्या एमआयडीसीतून सुयोग नावाचा इंजिनिअर यायचा. यायचा म्हणजे दोन दिवसांनी. आणि दूध दोन दिवस थांबत नाही.

केंद्रावर मंदाकिनी कामाला होती. सगळे तिला मंदाताई म्हणत. एकदा सुयोग आला तेव्हा ती वही घेऊन त्याच्या शेजारी बसली. त्यानं एक बटण दाबलं की ती लिहायची. तो हसला. म्हणाला, "ताई, कंपनीचं छापील पुस्तक आहे की." ती म्हणाली, "आहे. इंग्रजीत आहे. आणि सकाळी सहाला ऐंशी किटल्या रांगेत असताना ते वाचायला मला वेळ नाही." मग तिनं एका पांढऱ्या ड्रॉइंग पेपरवर बारा पायऱ्या लिहून काढल्या आणि तो कागद खिळे ठोकून भिंतीला लावला.

तो कागद म्हणजे माझी आई. मी तिला एकदाच पाहिलं, छापखान्याच्या टेबलावर. पण तिचं एकेक अक्षर मला पाठ आहे. 'निळी चौकट येईल. घाबरू नका. पुढे वर दाबा.' 'इथे पाच मिनिटं काहीच होणार नाही. बटणं बडवू नका.' असं ती बोलायची. प्रोग्राम बदलला की मंदाताई पेन्सिलीनं खोडून बाजूला नवीन लिहायची, तारीख टाकायची. आईच्या अंगावर इतकी खाडाखोड होती की पाहुणे नाकं मुरडायचे. पण ती सगळी खाडाखोड म्हणजे तिचं जिवंत असणं होतं. कागद चुकला की तो दुरुस्त व्हायचा. माझ्या नशिबात ते नव्हतं.

एक दिवस पणदऱ्याकडचा कुणीतरी आला आणि आईचा मोबाइलवर फोटो काढून घेऊन गेला. मग दुसरा आला. तिसरा आला. आठ केंद्रांतली माणसं त्या कागदावर बघून आपापला प्रोग्राम बसवायला लागली. सुयोगला यायचं कामच उरलं नाही. ही बातमी चेअरमनपर्यंत पोचली. विजयसिंह चेअरमन. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगतो. त्याला चांगल्या कामाची किंमत कळते. फक्त चांगलं काम दिसलं की त्याच्यावर आपला फोटो नाही, हे त्याला सहन होत नाही.

त्यानं आईला खिळ्यांवरून काढलं, गुंडाळी केली आणि बारामतीला फ्लेक्सच्या दुकानात आणलं. दुकान मोहितचं. तिथंच माझा जन्म झाला. मित्रांनो, जन्माच्या वेळचं कुणाला आठवत नाही म्हणतात. मला आठवतं. मी मोहितच्या कॉम्प्युटरवर अर्धा झालो होतो आणि माझ्यावरून वाद चालला होता.

"दादा, बसत न्हाईत," मोहित म्हणाला. "बारा पायऱ्या आन् धा फोटो. अक्षर बारीक करावं लागंल."

"अक्षर बारीक केल्यावर वाचायचं कसं?"

"मग फोटो बारीक करतो."

एवढ्यात चेअरमनचा फोन वाजला. एक संचालक होते, त्यांना आपला फोटो राहिल्याचं कळलं होतं. फोनवर ते इतक्या मोठ्यानं बोलत होते की मोहितनं माऊस सोडून दिला. चेअरमन नुसता "व्हय आप्पा, व्हय आप्पा" करत होता. फोन ठेवला आणि म्हणाला, "अकरा फोटो कर."

"अवो, धाच बसंनात तर अकरा कुठनं बसवू? मी काय जादूगार हाय?"

चेअरमन माझ्यावर वाकला. बोटानं एकेक पायरी मोजत खाली आला. दहाव्या पायरीवर बोट थांबलं. "हे काय लिवलंय बघ. 'आता प्रोग्राम चालू होईल.' चालू झाला का न्हाय धाव्या पायरीला? मग म्होरल्या दोन कशाला? काप त्या."

मोहितनं विचारलं, "बाईंना इचारायचं का एकदा?"

"बाईंना काय इचारायचं? फ्लेक्स संस्थेचा हाय."

मोहितनं एक बटण दाबलं. अकरावी आणि बारावी पायरी गेली. त्यांच्या जागी आप्पासाहेब आले, फेटा बांधलेले, हात जोडलेले. दहा मिनिटांनी मी यंत्रातून बाहेर पडलो, ओल्या शाईचा वास मारत. आईची गुंडाळी मोहितनं कोपऱ्यातल्या रद्दीत टाकली. मी तिच्याकडं पाहिलं तेव्हा मला कळलं नव्हतं की माझ्या अंगातून कापलेलं किती मोलाचं होतं. मी रंगीत होतो, चकचकीत होतो, आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

काय होतं त्या दोन पायऱ्यांत? ऐका.

अकरावी: 'या प्रोग्राममध्ये आधीच्या केंद्राचे तीन आकडे बसलेले असतात. ते पुसा. आपल्या यंत्राच्या पाठीवर चिकटवलेले तीन आकडे भरा. प्रत्येक यंत्राचा स्वभाव वेगळा असतो.'

बारावी: 'एकच दूध यंत्रावर तपासा आणि तात्यांच्या डिग्रीवर तपासा. दोन्ही जुळलं तरच लोकांचं दूध घ्यायला सुरुवात करा.'

तात्या म्हणजे कुंडलिक तात्या. डेअरीत यंत्र येण्याआधी काचेची डिग्री दुधात तरंगवून दूध तपासणारे. आता ते फक्त कॅन धुवायचे. पण मंदाताईनं त्यांची डिग्री बाराव्या पायरीत घातली होती, आणि प्रोग्राम बसवला की तात्या ती काचेची नळी देव्हाऱ्यातून काढावी तशी काढायचे.

मला भिंतीवर लावलं त्या दिवशी मंदाताईनं मला वरपासून खालपर्यंत वाचलं. खाली आली आणि थांबली.

"चेअरमनसाहेब, दोन पायऱ्या कमी आहेत."

"असूद्या ओ. मेन मेन सगळं हाय की."

"ह्या दोनच मेन आहेत."

"म्होरल्या फ्लेक्सला घालू. आता उद्घाटन परवावर आलंय."

संध्याकाळी तिनं एका चिठ्ठीवर दोन्ही पायऱ्या लिहिल्या आणि माझ्या खालच्या कडेला डिंकानं चिकटवल्या. मला तेव्हा राग आला होता. माझ्या चकचकीत अंगावर हाताची अक्षरं! आज ती चिठ्ठी मला परत मिळाली असती तर मी बाकीचं सगळं अंग सोलून दिलं असतं.

उद्घाटनाला मंडप, खुर्च्या, पेढे. माझ्या गळ्यात झेंडूचा हार. माझ्यासमोर नारळ फुटला. फोटोवाला म्हणाला, "ते खालचं कागुद काढा, आप्पांच्या हनुवटीवर आलंय." कुणीतरी काढलं. कुणी काढलं ते मी सांगू शकतो, पण त्यानं काय होणार? तिथं उभ्या असलेल्या कुणीही काढलंच असतं. चिठ्ठीचा बोळा झाला आणि पेढ्यांच्या कागदांबरोबर झाडून गेला. मंदाताई खुर्च्या लावत होती. तिनं पाहिलं. आणि तीसुद्धा काही बोलली नाही.

का बोलली नाही? ते तिनं पुढं स्वतःच सांगितलं. तिला पायऱ्या पाठ होत्या. प्रोग्राम बसवायची वेळ आली की तीच बसवणार होती. फ्लेक्स अर्धा असला तरी डोकं पुरं आहे ना, असं तिला वाटलं. मित्रांनो, ज्यांना सगळं पाठ असतं ते भिंतीवर काय लिहिलंय याची फिकीर करत नाहीत. भिंत ही ज्याला पाठ नाही त्याच्यासाठी असते, हे ते विसरतात.

नंतरचं वर्ष माझं कौतुकाचं होतं. माझ्यासारखे आणखी सात छापले आणि सात केंद्रांवर लावले. पेपरात माझा फोटो आला. लोक मला बघायचे, म्हणजे माझ्यावरचे फोटो बघायचे. "आप्पांचा फेटा जुना हाय." "चेअरमनचा फोटो लग्नातला हाय का?" असं चालायचं. पायऱ्या कुणी वाचल्या नाहीत. दसऱ्याला यंत्राची पूजा झाली तेव्हा माझ्याही कपाळाला हळदीकुंकू लागलं. पूजा करणाऱ्यानंही वाचलं नाही.

आता द्वारकाबाईचं सांगतो.

द्वारकाबाई साठीची. दोन संकरित गाई. घरात ती आणि तिची सून माधवी. मुलगा लांब कंपनीत. रोज सकाळी रांगेत तिची किटली पहिली. तात्या म्हणायचे, "द्वारके, कोंबड्याला तू उठवतीस का कोंबडा तुला?" ती म्हणायची, "तुमच्या आळशी कोंबड्याची कशाला वाट बघू?" गावात कुणाच्या घरी बाळंतिणीला दूध कमी आलं की वरचं दूध द्वारकाबाईकडून न्यायचं, अशी रीतच पडली होती. कारण तिचा हात स्वच्छ, गोठा स्वच्छ, आणि दुधाला ती देव मानायची. त्या वर्षी गावातल्याच आसावरीच्या बाळाला तिचं दूध चालू होतं. रोज एक लोटी. त्याचे ती पैसे घ्यायची नाही. पैसे किती म्हणून कुणी विचारलं तर शिवी द्यायची.

वैशाखात मंदाताई भावाच्या लग्नाला माहेरी कऱ्हाटीला गेली. आठ दिवसांची रजा. तिच्या जागी सर्जेराव बसला. सर्जेराव चाळिशीचा, आधी टेम्पो चालवायचा, पाठदुखीनं सोडला. सरळ माणूस. मंदाताई गेली त्याच दुपारी वीज आली-गेली, आली-गेली, आणि कॉम्प्युटरनं मान टाकली. सर्जेराव घाबरला नाही. इंदापूरकडच्या केंद्रावरून पेन ड्राइव्ह मागवला, स्टूल ओढून माझ्यासमोर बसला आणि माझ्यावर बोट ठेवून एकेक पायरी करू लागला. निळी चौकट आली, तो घाबरला नाही. पाच मिनिटं काही झालं नाही, त्यानं बटणं बडवली नाहीत. मित्रांनो, वर्षभरात मला पहिल्यांदा कुणीतरी वाचत होतं. मी फुलून गेलो. दहावी पायरी झाली, प्रोग्राम चालू झाला, आणि सर्जेराव माझ्याकडं बघून म्हणाला, "ब्येस्ट!"

मी त्याला सांगू शकत नव्हतो की अजून दोन राहिल्यात. कौतुकात मला तरी त्या कुठं आठवत होत्या?

त्या संध्याकाळपासून सगळ्यांचे आकडे थोडे थोडे खाली आले. कारण आमच्या यंत्रानं मोजलेलं दूध दुसऱ्याच यंत्राच्या आकड्यांवर तोललं जात होतं. लोक कुरकुरले. कुणी म्हणालं उन्हाळा आहे. कुणी म्हणालं, "उसाचं वाढं घालतासा आन् फॅट मागतासा व्हय?" ज्यांचं दूध जाड होतं, त्यांचे आकडे खाली येऊनही पाणी ठरवायच्या रेघेच्या वर राहिले. द्वारकाबाईच्या गाईंचं दूध मुळातच पातळ. दोन दिवस ते कसंबसं रेघेवर तरलं, मग खाली गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी, रांगेतल्या पहिल्या किटलीला, कॉम्प्युटरवर लाल चौकट आली. 'पाणी : चौदा टक्के.'

सर्जेरावनं पुन्हा नळी लावली. पुन्हा लाल.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "किटली धुताना पानी ऱ्हायलं का?"

"चौदा टक्के पानी धुताना ऱ्हातंय का रं? काय बोलतूस?"

मागून कुणीतरी म्हणालं, "मशीन काय खोटं बोलतंय?" कुणीतरी हसलं. रांग पुढं सरकली, बघायला.

आमच्या केंद्राचा नियम आहे. सभेत हात वर करून झालेला. पाण्याचं दूध सगळ्यांसमोर गटारात ओतायचं आणि नाव काळ्या फळ्यावर महिनाभर ठेवायचं. नियम करताना हात द्वारकाबाईनंही वर केला होता. तात्या पुढं आले. म्हणाले, "माझी डिग्री लावून बघू एकदा. कपाटात हाय, चावी द्या." चावी मंदाताईकडं होती. मंदाताई कऱ्हाटीत होती. कुणीतरी म्हणालं, "तात्या, तुमची डिग्री म्युझियमला द्या आता." पुन्हा हसणं.

सर्जेरावनं चेअरमनला फोन लावला. चेअरमननं विचारलं, "कॉम्प्युटरवर काय आलंय? लाल? मग नियम सगळ्यांना सारखा."

दूध ओतलं. अकरा लिटर. द्वारकाबाईनं किटलीला हात लावू दिला नाही, स्वतः ओतली. म्हणाली, "ओततेच मी. माझ्या गायीचं दूध परक्या हातानं गटारात नको." पांढरा ओघळ सिमेंटवरून गेला. कुत्री आली. ऐंशी माणसं बघत होती, आणि भिंतीवरून मी बघत होतो. फळ्यावर खडूनं नाव लिहिलं गेलं. ती गेली ती मागं न बघता. संध्याकाळी आली नाही. दुसऱ्या दिवशी तिची सून माधवी आली तर रांगेतल्या बायांनी तिच्याशी बोलणं टाळलं. तिसऱ्या दिवशी तीही आली नाही. आणि आसावरीच्या सासूनं बाळाची लोटी परत मागवून घेतली. लेकराच्या पोटाचा प्रश्न आहे म्हणाली. खरं तर लेकराचं पोट आठ महिने त्याच दुधावर वाढलं होतं.

मंदाताई परत आली. चप्पल काढायच्या आधी तिची नजर फळ्यावर गेली.

"हे कुणी लिहिलं?"

तात्यांनी सगळं सांगितलं. तिनं पिशवी खाली टाकली, प्रोग्राम उघडला, तीन आकडे बघितले, यंत्र फिरवून त्याच्या पाठीवरचे आकडे बघितले. मग कपाट उघडून डिग्री तात्यांच्या हातात दिली आणि त्यांना माधवीकडून कपभर दूध आणायला पाठवलं. दूध आलं. तात्यांनी नळी दुधात सोडली. ती तरंगली, थांबली. ऐन जागेवर. तात्यांचे डोळे भरले. म्हणाले, "म्युझियमला द्या म्हनत व्हती."

सर्जेराव भिंतीला टेकून उभा होता. "ताई, आईशप्पथ, फ्लेक्सवर बोट ठेवून केलं. एकबी पायरी सोडली न्हाय."

"माहिती आहे मला," मंदाताई म्हणाली. "तू सोडली नाहीस. मी सोडली. मला पाठ होतं, म्हणून मी गप्प बसले."

संध्याकाळी चेअरमन आला. त्यानं ऐकून घेतलं. चेहरा पडला त्याचा, नाही म्हणत नाही. स्वतः डस्टर उचलून त्यानं फळ्यावरचं नाव पुसलं. "झालं. आकडं दुरुस्त करा, बाईंना सांगा दूध घाला म्हनून. इषय संपला."

"कसा संपला? ऐंशी माणसांसमोर दूध ओतलंय. ऐंशी माणसांना सांगायला नको?"

"काय सांगायचं? फ्लेक्स चुकला म्हनून? आठ ठिकाणी ह्योच फ्लेक्स हाय, मंदाताई. उद्या आठ गावं उठतील, आमचंबी दूध परत तपासा म्हनत्याल."

"म्हणू द्या की. तपासू."

"म्होरल्या महिन्यात निवडणूक हाय! फ्लेक्सवर अकरा जणांची तोंडं हाईत. चूक झाली म्हनलं की लोक कुणाकडं बघतील? कळतंय का तुमाला काय?"

"मला एवढंच कळतंय की तोंडं बसवायला पायऱ्या कापल्या."

"आवाज खाली ठेवून बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागायच्या आधी मंदाताई आली. हातात कॅनवर नंबर टाकायचा काळा मार्कर. माझ्यासमोर स्टूल ठेवलं. स्टूल डुगडुगत होतं. तात्या कॅन सोडून आले आणि दोन्ही हातांनी स्टूल धरलं. "लिव पोरी. मी धरलंय."

तिनं लिहायला जागा शोधली. माझ्यावर मोकळी जागा नव्हतीच. होते ते फोटो. मग तिनं फोटोंवर लिहिलं. अकरावी पायरी चेअरमनच्या कपाळापासून सुरू झाली आणि तीन संचालकांच्या गालांवरून गेली. बारावी आप्पासाहेबांच्या फेट्यावर संपली. मित्रांनो, मार्करचं टोक माझ्या अंगावर करकरत होतं आणि मला वाटत होतं, मी आता कुठं पुरा होतोय. मग तिनं तिसरी ओळ लिहिली. सगळ्यात मोठ्या अक्षरात, उरलेल्या सगळ्या तोंडांवरून:

'द्वारकाबाईंच्या दुधात पाणी नव्हतं. चूक केंद्राची होती.'

रांगेत तोवर सात माणसं आली होती. एकानं मोठ्यानं वाचलं. एक म्हणाला, "चेअरमनच्या कपाळावर अकरावी आली की!" हसला आणि हसता हसता गप्प झाला, कारण चौदा टक्क्यांवर हसणारा तोच होता.

सर्जेरावनं फोन केला नव्हता. कुणीतरी केला. चेअरमनची गाडी रस्त्यावर दिसली तेव्हा बाकीची माणसं किटल्या घेऊन अजून वाटेतच होती. त्यानं मला खालच्या दोन कोपऱ्यांना धरलं आणि ओढलं. दोन रिंगा भिंतीतच राहिल्या. मला गुंडाळून कॅनच्या मागं फेकलं. मंदाताईला म्हणाला, "उद्यापास्नं येऊ नका."

ती म्हणाली, "आकडे आजच दुरुस्त करून जाते. नाहीतर अजून कुणाचं तरी ओतलं जाईल." आणि केले तिनं. बारा पायऱ्या. मग किल्ल्या टेबलावर ठेवून गेली. आता ती बारामतीत एका औषधाच्या दुकानात बिलं करते.

तात्यांनी मला उचललं आणि द्वारकाबाईच्या गोठ्यात नेलं. माझी गुंडाळी सोडून तिच्यासमोर धरली. तिला वाचता येत नव्हतं. तात्यांनी वाचून दाखवलं. शेवटची ओळ दोनदा वाचली.

ती शेण गोळा करत होती. हात थांबले.

"मंदीनं लिवलं?"

"व्हय. नोकरी गेली तिची."

तिनं हातातलं शेण पाटीत टाकलं. मग म्हणाली, "किती जनांनी वाचलं तात्या?"

"सात."

"आन् वतलं तवा किती जन व्हती?"

तात्या मला गुंडाळू लागले. तिनं पाटी उचलली. "जाऊ द्या. त्या वाढ्यावर टाका ह्याला. उन्हानं वाळाय लागलंय."

तेव्हापासून मी तिच्या गोठ्यात वाढ्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या चाऱ्यावर, पांघरूण होऊन पडलोय. लिहिलेली बाजू खाली, एक कोपरा तेवढा वर उलटलेला, त्यातून दार दिसतं. ती डेअरीला परत गेली नाही. दूध खवेवाल्याला घालते, तो एमआयडीसीकडून मोटारसायकलवर येतो, तिचं नाव त्याला माहीत नाही. निवडणूक झाली. अकराचे अकरा निवडून आले. केंद्रावर नवा फ्लेक्स लागला, तात्यांनी येऊन सांगितलं. त्याच्यावर तेरा फोटो आहेत आणि पायऱ्या एकही नाही. खाली लिहिलंय, 'प्रोग्रामविषयी माहितीसाठी चेअरमन यांना भेटा.' म्हणजे आता चूक पकडायचीही सोय नाही आणि शिकायचीही नाही.

बाकीच्या सात केंद्रांवर माझे सात भाऊ अजून लटकतायत. दहा पायऱ्यांचे. तिथं कुणाचं दूध ओतलं गेलं असेल, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तिथं मंदाताई नव्हती.

एवढंच एक. महिन्याभरानं आसावरी रिकामी लोटी घेऊन दारात उभी राहिली. बाळाला दुसरं दूध सोसेना. द्वारकाबाई गायीखाली बसली, धार काढली, लोटी भरली. मग आसावरीच्या डोळ्यांदेखत लोटीतलं दूध स्वतःच्या ओंजळीत घेतलं, प्याली, आणि लोटी तिच्या हातात दिली.

"मावशी, असं नका करू. लाज वाटती मला."

"तुला लाजवायला न्हाय करत. लेकराचं पोट हाय. बघून न्यावं मानसानं."

रोज आसावरी येते. रोज द्वारकाबाई आधी एक घोट पिते, मग लोटी देते. साठ वर्षांच्या बाईला स्वतःच्या गायीच्या दुधाची रोज साक्ष द्यावी लागते. मी वाढ्यावर पडून रोज ते बघतो.

मित्रांनो, तुम्ही शिकाल, कुठंतरी कामाला लागाल. सगळ्यांनी मिळून वापरायचं काहीतरी तुमच्या हाती येईल, आणि ते कसं चालू करायचं याचा कागद भिंतीवर लावायची वेळ येईल. तेव्हा तो सुंदर नसला तरी चालेल. खाडाखोड असू द्या, पेन्सिल असू द्या, डिंकाचे डाग असू द्या. त्याला काचेत घालू नका आणि हार घालू नका. ज्याला यातलं काहीच येत नाही अशा माणसाला त्याच्यासमोर बसवा, बोट ठेवून करायला सांगा, आणि तो कुठं अडतो ते मुकाट्यानं बघा. तुम्हाला पाठ आहे म्हणून गप्प बसू नका. आणि जागा कमी पडली, तर फोटो कापा. माझ्यावरचे कापा, त्यांचे कापा, कुणाचेही कापा. पायरी कापू नका. त्या पायरीवर कोण उभं आहे, ते छापखान्यातून दिसत नाही.